मुहूर्त कोणाच्या घड्याळाचा?



गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचे लग्न झाले. पत्रिका छापून घरी आली तेव्हा मी ती हातात घेऊन वाचू लागले. वर मधोमध तथागतांचे चित्र, बाजूला परमपूज्य बाबासाहेबांचे. खाली 'मंगल परिणय' असे शब्द. कोठेही कोणा देवदेवतेचे नाव नाही. मन भरून आले. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या घरात पत्रिका छापण्याची ऐपत नव्हती आणि छापली असती तर वाचणारेही कोणी नव्हते. पण दोन ओळी खाली गेले आणि थांबले. विवाहाची वेळ लिहिली होती, दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे.

बंधूंनो, ही ३७ मिनिटे कोठून आली? साडेबारा नाही, पाऊण नाही, बारा सदतीस! पाहुण्यांच्या सोयीसाठी कोणी अशी वेळ ठरवीत नाही. ही वेळ पंचांगातून निघालेली होती. वर बुद्ध आणि खाली मुहूर्त!

मी मायला विचारले. ती म्हणाली, "सोयऱ्यानं वेळ पाहून आणली, बाई. आपुन कशाला मोडता घालावा? उद्या पोराचं काही वाईट झालं तर बोल आपल्यावरच येईल." माझ्या मायने दुसऱ्यांच्या शेतात निंदणखुरपण करून मला बी.एस्सी., बी.एड. केले. दर १४ ऑक्टोबरला ती पांढरे लुगडे नेसून पंचशील घेते. तिच्या श्रद्धेत खोट नाही. तिच्या मनात भीती आहे. वेळ वाईट असू शकते, वेळ माणसाला खाऊ शकते, ही ती भीती. धर्म बदलला तरी ही भीती घराच्या कोपऱ्यात तशीच बसून राहिली आहे.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. भीतीला रागावून उत्तर देता येत नाही, हे वर्गात मी शिकले आहे. म्हणून वेळ म्हणजे काय, काळ म्हणजे काय, जागा म्हणजे काय, याविषयी आजचे भौतिकशास्त्र काय सांगते ते आज आपल्यापुढे मांडते. आपण प्रत्येक गोष्ट तपासून घ्यावी. मी सांगते म्हणून मानू नये.

एकच घड्याळ आहे काय?

प्रथम आपल्याच प्रांतातील एक गोष्ट घ्या. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली. पण मुंबई शहराने आपली जुनी वेळ लगेच सोडली नाही. ती वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे आणि ती १९५५ पर्यंत मुंबईत चालू होती. म्हणजे त्या काळी देशाच्या घड्याळात १२ वाजून ३७ मिनिटे झाली असता मुंबईच्या घड्याळात ११ वाजून ५८ मिनिटे होत. आपण घड्याळात पाहतो तो आकडा माणसांनी आपसांत केलेला करार आहे.

यावर पंचांगवाले म्हणतील, आकडा कराराचा असेल, पण त्याच्या मागे खरा काळ आहे, तो सगळीकडे एकसारखा वाहतो. ही समजूत केवळ त्यांचीच नव्हती. थोर शास्त्रज्ञ न्यूटन यांनी १६८७ च्या आपल्या ग्रंथात हेच गृहीत धरले होते. काळ कशावरही अवलंबून न राहता आपल्या गतीने वाहत असतो आणि अवकाश म्हणजे हलत नसलेली, बदलत नसलेली एक अफाट रिकामी खोली असते, असे त्यांचे म्हणणे. दोनशे वर्षे या पायावर शास्त्र उभे राहिले आणि त्याने फार मोठी कामे केली.

पण १८८७ साली अमेरिकेत मायकेलसन आणि मोर्ले या दोघांनी एक प्रयोग केला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. तेव्हा तिच्या धावण्याच्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशाचा वेग आणि आडव्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशाचा वेग यांत फरक दिसला पाहिजे, अशी अपेक्षा होती. अपेक्षेप्रमाणे फरक सापडला नाही.

१९०५ साली स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी या कोड्याला सरळ तोंड दिले. प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, हा समान गतीने जाणाऱ्या सर्वांना सारखाच आढळतो, हे त्यांनी मान्य केले. आणि मग त्यांनी शाळेतील मुलाला पडावा असा प्रश्न विचारला. दोन गोष्टी 'एकाच वेळी' घडल्या असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ काय? आगगाडी ७ वाजता आली, याचा अर्थ एवढाच की गाडीचे येणे आणि माझ्या घड्याळाचा काटा सातावर असणे या दोन घटना एकत्र घडल्या. त्या दोन घटना जवळजवळ असतील तर अडचण नाही. पण घटना एकमेकींपासून दूर असतील तर?

आता त्यांचेच उदाहरण आपल्याकडचे करून घ्या. अकोला ते पूर्णा मार्गावर एक गाडी एका लहान स्टेशनात न थांबता भरधाव जात आहे. गाडीच्या पुढच्या टोकाला एक आणि मागच्या टोकाला एक, अशा दोन विजा पडल्या. फलाटावर, त्या दोन जागांच्या बरोबर मध्ये, एक बाई उभी आहे. तिला दोन्ही विजांचा प्रकाश एकदम दिसला. ती म्हणाली, दोन्ही विजा एकाच क्षणी पडल्या. गाडीच्या बरोबर मधल्या डब्यात दुसरी बाई बसली आहे. गाडी पुढे जात असल्याने ती पुढून येणाऱ्या प्रकाशाला सामोरी जाते, म्हणून तो तिला अगोदर भेटतो. मागचा नंतर पोचतो. गाडीची दोन्ही टोके तिच्यापासून सारख्या अंतरावर आहेत. प्रकाशाचा वेग तिलाही दोन्ही बाजूंनी सारखाच आहे. मग तिने काय म्हणावे? पुढची वीज अगोदर पडली, असेच तिला म्हणावे लागते. दोघींपैकी चुकले कोण? कोणीही नाही. 'एकाच क्षणी' हा शब्द दोघींसाठी एकच राहिला नाही, एवढेच. साऱ्या विश्वासाठी मिळून एकच 'आत्ता' नाही, हा १९०५ चा शोध आहे.

पुरावा काय?

आपण विचाराल, हे कल्पनेतले झाले, पुरावा कोठे आहे? विचारलेच पाहिजे. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये हाफेले आणि कीटिंग या दोन शास्त्रज्ञांनी सिझियमची चार अणुघड्याळे साध्या प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीभोवती फिरविली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. परत आल्यावर ती जमिनीवरील घड्याळांशी ताडून पाहिली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती आणि पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. फरक इवलासा, पण सिद्धांताने सांगितला होता त्याच्याशी जुळणारा.

दुसरा पुरावा या क्षणी आपल्या अंगातून जात आहे. आकाशातून येणारे वेगवान कण हवेवर आदळतात आणि जमिनीपासून सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने धावले तरी ते सुमारे ६६० मीटर जातील आणि संपतील. मग जमिनीपर्यंत पोचायचे कसे? तरीही ते पोचतात. आपल्या उघड्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. कारण इतक्या वेगाने धावणाऱ्या कणाचा काळ आपल्या घड्याळाच्या मानाने सावकाश चालतो.

तिसरा पुरावा आपल्या खिशात आहे. मोबाइलवर रस्ता दाखविणारी यंत्रणा उपग्रहांवरील घड्याळांवर चालते. उपग्रह वेगाने फिरतात म्हणून त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि पृथ्वीचे ओढणे तेथे कमी म्हणून सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. मिळून रोज ३८ मायक्रोसेकंदांचा फरक. तो दुरुस्त केला नाही तर एका दिवसात जागा दाखविण्यात सुमारे १० किलोमीटरची चूक साचेल. हा सिद्धांत खोटा असता तर नवरदेवाची गाडी मोबाइलच्या भरवशावर मांडवापर्यंत पोचली नसती.

जमिनीला जवळ असलेले घड्याळ सावकाश चालते, उंचावरचे जलद चालते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली केवळ ३३ सेंटिमीटरच्या उंचीने पडणारा फरक मोजला आणि २०२२ साली तर एका मिलिमीटरचाही मोजला. म्हणजे उभ्या माणसाचे डोके आणि पाय यांचा काळसुद्धा तंतोतंत सारखा चालत नाही!

जागेचे काय?

अवकाशाचेही असेच झाले. १९०८ साली मिन्कोव्स्की या गणितज्ञाने दाखविले की काळ आणि अवकाश हे दोन वेगळे पदार्थ नव्हेत, ते एकाच विणीचे उभे आणि आडवे धागे आहेत. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये आइन्स्टाइन यांनी पुढचे पाऊल टाकले. सूर्यासारख्या जड वस्तूभोवती ही वीणच वाकते आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. तसे असेल तर सूर्याच्या कडेवरून येणारा ताऱ्याचा प्रकाशही वाकला पाहिजे. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञांच्या दोन तुकड्यांनी, एकीने आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरीने ब्राझीलमधील सोब्राल येथे, छायाचित्रे घेतली. प्रकाश वाकल्याचे दिसले.

येथे क्षणभर थांबा. ज्या ग्रहणात आपल्याकडे गरोदर बाई दाराआड बसविली जाते, तिला चाकू-विळीला हात लावू देत नाहीत, त्याच ग्रहणाची त्या माणसांनी वाट पाहिली, समुद्र ओलांडला आणि त्यातून विश्वाचे एक रहस्य मिळविले. घटना एकच होती. एका ठिकाणी ती भीती झाली आणि दुसऱ्या ठिकाणी ज्ञान झाली.

ही अवकाशाची वीण थरथरतेही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो यंत्रणेने पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, त्याची ती लहर. ४ किलोमीटर लांबीच्या नळ्यांतील अंतर तिने किती बदलले? अणूच्या गाभ्यातील एका प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान. अशीच यंत्रणा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. आपल्या मुलामुलींनी तेथे काय म्हणून जायचे, खड्डे खोदायला की लहरी मोजायला, याचा विचार आपण आजच केला पाहिजे. त्याचे उत्तर पंचांगात नाही. ते नववी-दहावीच्या गणितात आहे.

मूळ नक्षत्रावरची मुलगी

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहीत आहे तिच्याकडे येते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. ती कोणत्या समाजाची हे सांगण्याचे कारण नाही, कारण ही गोष्ट सर्व समाजांत घडते. तिचा जन्म मूळ नक्षत्रावर झाला आणि ती वर्षाची होण्याआधी तिचे वडील वारले. घरात काही बिनसले की तेच निघते, "हिनेच बापाला खाल्ले." एके दिवशी तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, वाईट वेळेवर जन्मलेल्या माणसाला काही उपाय असतो का?"

मी तिला लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला मूळ नक्षत्र शिकविले. वृश्चिकाच्या शेपटीकडचे हे काही तारे. मूळ नक्षत्रावर जन्म झाला याचा अर्थ एवढाच की त्या वेळी आकाशात चंद्र त्या दिशेला होता. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, त्याचा प्रकाश सव्वा सेकंदाच्या आसपास पोचतो. सूर्याच्या प्रकाशाला ८ मिनिटे २० सेकंद लागतात. आणि शेपटीच्या टोकाशी चमकणाऱ्या त्या ठळक ताऱ्याचा प्रकाश निघाल्यापासून काही शतके उलटली आहेत. शेजारचे तारेही सारख्या अंतरावर नाहीत. येथून पाहताना ते एका रांगेत दिसतात, एवढेच. म्हणजे जन्माच्या रात्री जो तारा दिसला तो त्या रात्रीचा ताराच नव्हे. मुलीचा 'आत्ता' आणि ताऱ्याचा 'आत्ता' यांना एका सुईत ओवायला विश्वात दोराच नाही.

मग फळ्यावर साधे गणित मांडले. चंद्र सुमारे २७ दिवसांत सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो. म्हणजे एका नक्षत्रात साधारण एक दिवस. तेव्हा दर सत्तावीस मुलांमागे एक मूल मूळ नक्षत्रावर जन्मणार. आमच्या वर्गात ५४ मुले. म्हणजे हिशेबाने अशी दोन असायला हवीत. त्या सर्वांचे वडील वारतात काय? आणि ज्यांचे वडील लहानपणी वारले ते सर्व मूळ नक्षत्राचे असतात काय? मुलांनीच मान हलविली. ती मुलगी काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती फळ्याकडे पाहत होती, जमिनीकडे नाही.

नंतर मला कळले की तिचे वडील काविळीने गेले. पावसाळा होता, गावचा रस्ता वाहून गेला होता, वेळेवर वाहन मिळाले नाही. बंधूंनो, नक्षत्राला दोष दिला की रस्त्याला दोष देण्याचे कारण उरत नाही. गढूळ पाण्याबद्दल, नसलेल्या दवाखान्याबद्दल कोणाला जाब विचारावा लागत नाही. सारा भार पाळण्यातल्या पोरीवर टाकून सर्व मोकळे होतात. वाईट वेळ नावाची समजूत खरे कारण झाकण्याचे काम करते, म्हणून ती घातक आहे.

सर्व क्षणांची समता

आपण म्हणाल, बाई, विमानातील घड्याळ नॅनोसेकंदांनी मागे पडले म्हणून बारा सदतीसचा मुहूर्त खोटा कसा ठरतो? प्रश्न रास्त आहे. केवळ तेवढ्याने ठरत नाही. त्यासाठी आणखी एक शोध पाहावा लागेल आणि तो एका स्त्रीचा आहे.

एमी नोएथर या जर्मनीतील ज्यू गणितज्ञ. गॉटिंगेनच्या विद्यापीठात स्त्री म्हणून त्यांना रीतसर शिकविण्याचा हक्क नाकारला गेला. त्यांची व्याख्याने काही काळ हिल्बर्ट या ज्येष्ठ प्राध्यापकांच्या नावाखाली जाहीर होत. पुढे १९३३ साली नाझी राजवटीने त्या ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठातून काढले. दारे कशी बंद होतात हे आपल्याला सांगायला नको. याच बाईंनी १९१८ साली एक सिद्धांत प्रसिद्ध केला. निसर्गाचे नियम आज, उद्या, सकाळी, मध्यरात्री एकच असतील, कोणताही क्षण दुसऱ्या क्षणाहून वेगळा मानला जात नसेल, तर त्यातूनच ऊर्जा टिकून राहण्याचा नियम निघतो. आणि नियम येथे आणि तेथे, या जागी आणि त्या जागी एकच असतील, तर त्यातून संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम निघतो.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ऊर्जेचा जो नियम आपली मुले शाळेत पाठ करतात तो सर्व क्षणांच्या समतेवर उभा आहे. विश्वाची अवस्था बदलते, तारे जन्मतात, विझतात. पण नियम कोणत्याही घटकेला शुभ म्हणून झुकते माप देत नाहीत आणि अशुभ म्हणून मारत नाहीत. अमावास्येला दगड जितक्या वेगाने खाली येतो तितक्याच वेगाने पौर्णिमेलाही येतो. तीच गोष्ट जागेची. गावाच्या मध्यभागी जे नियम, तेच गावकुसाबाहेर. विहिरीच्या पाण्याला कोणाच्या सावलीने विटाळ होत नाही. ज्या समाजाने जागेला पवित्र आणि अपवित्र ठरविले, त्यानेच घटकेला शुभ आणि अशुभ ठरविले. एक अपमान आम्ही झुगारला. दुसरा मात्र पैसे देऊन पत्रिकेवर छापून आणतो, हे कसे?

तरीही मी येथे एक मर्यादा घालते. क्षणांची समता शास्त्राने दाखविली म्हणून माणसांची समता आपोआप सिद्ध होत नाही. ती माणसांनीच प्रस्थापित करावी लागते. त्यासाठी बाबासाहेबांना आयुष्य वेचावे लागले.

दोन खोट्या वाटा

या विषयात दोन खोट्या वाटा आहेत, त्यांपासून सावध राहावे.

पहिली वाट अशी की, 'सर्व काही सापेक्ष आहे, ज्याचे त्याचे सत्य निराळे.' सापेक्षता सिद्धांत असे म्हणत नाही. गाडीतील बाई आणि फलाटावरील बाई यांची मोजमापे वेगळी आली, तरी एकीचे माप दुसरीच्या मापात बदलण्याचा नियम पक्का आहे. प्रकाशाचा वेग दोघींना एकच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जेथे एक घटना दुसरीचे कारण आहे, तेथे कारण अगोदर आणि कार्य नंतर हा क्रम कोणाच्याही घड्याळात उलटत नाही. काळ ताणला जाईल, अवकाश वाकेल, पण कारणाशिवाय कार्य नाही.

अणूच्या आतील जगाविषयीही असेच भलते बोलले जाते. जोडीने निर्माण झालेल्या कणांवरील प्रयोगांसाठी अस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक कण आपले उत्तर आधीच बरोबर घेऊन निघतो आणि दूरच्या मोजणीचा त्याच्याशी काही संबंध नसतो, ही सरळ समजूत त्या प्रयोगांपुढे टिकत नाही. वास्तव आपल्या डोळ्यांच्या सवयीपेक्षा फार निराळे आहे. पण त्यातून मंत्राने रोग बरा होतो किंवा मनात आणले की पैसा येतो, असे निघत नाही. त्या कणांद्वारे प्रकाशाहून वेगाने साधा निरोपही धाडता येत नाही.

दुसरी वाट आपल्या जवळची आहे, म्हणून ती बोलून दाखविणे मला भाग आहे. जयंतीच्या सभांतून ऐकू येते की आइन्स्टाइनने जे सांगितले ते भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते. भविष्याचा धर्म बौद्ध धर्मच असेल, अशा अर्थाचे एक वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर फिरते. ते त्यांच्या लेखनात सापडत नाही. १९३० च्या एका लेखात त्यांनी बौद्ध विचाराचा आदराने उल्लेख केला आहे, तो तेवढाच. दुसरे लोक आपल्या पोथीत विमाने आणि अणुबाँब शोधतात तेव्हा आपण हसतो. मग आपणही तेच करावे काय?

तथागतांनी स्वतः काय केले ते पाहा. मालुंक्यपुत्ताने त्यांना विचारले होते, जग शाश्वत आहे की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही? तथागतांनी उत्तर देण्याचे नाकारले. विषारी बाण लागलेला माणूस बाण कोणी मारला, धनुष्य कोणत्या लाकडाचे, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणाला, तर तो मरेल, असा दृष्टांत त्यांनी दिला. ज्या प्रश्नांना त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवले त्यांची उत्तरे त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांचा गौरव नव्हे. अनित्यता आणि प्रतीत्यसमुत्पाद ही दुःखाचे कारण शोधून ते दूर करण्याची शिकवण आहे. प्रकाशाचा वेग त्यातून निघत नाही. धम्म आणि विज्ञान यांचे नाते निष्कर्षांत शोधू नये. ते पद्धतीत आहे. या, पाहा, तपासा, पटले तर घ्या, असे कालामांना सांगणारा शास्ता आपला आहे.

मुहूर्ताबाबत मात्र बौद्ध परंपरा गप्प नाही. नक्खत्त जातकात एका लग्नाची गोष्ट आहे. मुलाकडच्यांनी आपल्या आजीवकाला मुहूर्त विचारला. आपल्याला आधी विचारले नाही या रागाने त्याने तो दिवस वाईट सांगितला. वरपक्ष गेला नाही. मुलीकडच्यांनी वाट पाहून मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी वरात आली ती भांडणालाच. काम साधणे हाच शुभयोग, तारे त्यात काय करणार, असा त्या कथेचा बोध आहे.

आजच्या काळातही तपासणी झाली आहे. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह २००८ साली पुण्यात ज्योतिषाची परीक्षा घेतली. हुशार मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले अशा मिळून २०० मुलांच्या जन्मपत्रिका जमविल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगितले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडविले असते तर पन्नास आली असती.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी तरी १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस का निवडला? तो अशोक विजयादशमीचा दिवस होता म्हणून. स्मरणासाठी दिवस निवडणे आणि भीतीपोटी घटका शोधणे यांत फार अंतर आहे. त्या दिवसाने बाबासाहेबांना मोठे केले नाही. त्या दिवशी लाखो माणसे नागपूरच्या मैदानावर ताठ उभी राहिली, म्हणून तो दिवस मोठा झाला.

भावाच्या लग्नाचे सांगून थांबते. पत्रिका वाटल्या गेल्या होत्या, मी काही करू शकले नाही. पाहुण्यांचा टेम्पो वाटेत पंक्चर झाला. त्रिसरण पंचशील घेऊन दोघांनी एकमेकांना हार घातले तेव्हा दोन वाजायला आले होते. बारा सदतीस कधीच होऊन गेले होते. आज दोघे सुखाने नांदत आहेत, कारण दोघे एकमेकांना सांभाळून घेतात. मी मायला म्हटले, "माय, मुहूर्त तर टळला." ती हसली आणि म्हणाली, "टळला खरा. पुढच्या वेळी तूच वेळ लिही."

पुढच्या वेळी मी 'सकाळी ११ वाजता' असे लिहिणार आहे, कारण अकराला ऊन कमी असते आणि पहिली एस.टी. दहाला येते. वाचकहो, आपल्या घरची पुढची पत्रिका छापायला जाईल तेव्हा तिच्यावरची वेळ एकदा वाचून पाहा. आणि आपल्या गावात एखादी मूळ नक्षत्रावरची मुलगी खाली मान घालून बसली असेल, तर तिच्याजवळ जाऊन सांगा की बाळ, तू कोणालाही खाल्लेले नाहीस. तुझ्या जन्माची घटका इतर सर्व घटकांसारखीच होती.

जयभीम.